अनुभव धागा: शहराच्या पोटातलं भाड्याचं टाउनहाउस

ब्रन्सविकची_मधुरा
काल मेलबर्नमध्ये १९ नंबरच्या ट्रामने सिडनी रोडवरून येताना आमच्या जुन्या गल्लीच्या तोंडाशी 'फॉर लीज'ची पाटी दिसली. एक स्टॉप आधीच उतरले. तेच घर! खाली गॅरेज, मध्ये स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, आणि सगळा जीव त्या अरुंद जिन्यात.
२०१६ साली मेलबर्नला आलो तेव्हा इथली रेंटल हिस्टरी, म्हणजे आधी भाड्याने राहिल्याची नोंद, शून्य. शनिवारी घर बघायला पंधरा मिनिटांचं इन्स्पेक्शन, फुटपाथवर ही रांग. अकरा अर्ज परत आले. बाराव्याला पुण्याच्या घरमालक काकांचं पत्र जोडलं. त्यांनी लिहिलं होतं, "भाडं कधी थकलं नाही. आम्ही गावाला गेलो की तुळशीला पाणीही हीच घालायची." घर मिळालं.
सासूबाई सहा महिने राहून गेल्या. गुडघे दुखायचे, पण अकराव्या पायरीवर दुपारी खिडकीतून ऊन यायचं. तिथेच बसून मेथी निवडायच्या, काड्या मांडीवरच्या वर्तमानपत्रात. आता त्या नाहीत. काल बाहेरून ती खिडकी बघत उभी राहिले.
तुमचेही अनुभव लिहा.

सुहास_के
सोफा!! जिन्याच्या वळणावर अडकला तो अडकलाच. शेवटी चौघांनी बाल्कनीतून दोराने वर घेतला. सोडताना शेजाऱ्याला देऊन टाकला, त्याने खालीच ठेवला.

अनघा७९
मधुरा, डोळ्यांत पाणी आलं गं. माझ्या आईला तर विमानतळावरून आल्या आल्या जिना बघूनच धडकी भरली होती.
बाळ झोपलंय, नंतर लिहिते.

रिचमंडकर
फोडणी आणि स्मोक अलार्म. स्वयंपाकघर नि बैठक एकच, अलार्म नेमका डोक्यावर. मोहरी तडतडली की मुलगा टॉवेल घेऊन खुर्चीवर चढायचा. अलार्म झाकू मात्र नका, आधी खिडक्या उघडा, एक्झॉस्ट लावा आणि मगच तेल तापवा.

वकीलीण_बाई
नव्यांसाठी, व्हिक्टोरियापुरतं (मेलबर्न ज्या राज्यात आहे ते): बाँड, म्हणजे घराची अनामत रक्कम, एजंटकडे राहत नाही, रेसिडेन्शियल टेनन्सीज बाँड अथॉरिटीकडे जमा होतो. किल्ली मिळाल्या दिवशीच प्रत्येक भिंतीचे, गालिच्याचे, ओव्हनच्या आतले फोटो काढा आणि कंडिशन रिपोर्टमध्ये (घर कोणत्या स्थितीत मिळालं त्याची नोंद) लिहा. आम्ही जिन्यातला जुना ओरखडा लिहिला नाही, तर सोडताना तो आमच्या माथी मारला. फोटो नव्हते, पैसे भरले. अजून चुटपुट लागते.
भाडं बारा महिन्यांत एकदाच वाढवता येतं. आणि २९ मार्च २०२१ पासून नियम बदललेत, फोटो टांगायला साधा हुक लावायचा तर परवानगी लागत नाही. उघड्या विटांच्या भिंतीला मात्र विचारूनच.

सुहास_के
ताई, हे माहीतच नव्हतं! आमचा गणपतीचा फोटो तीन वर्षं फ्रिजवर टेकवलेला आहे. आजच हुक आणतो.

कार्लटन_माहेर
आमचं टाउनहाउस नव्हे, जुनं टेरेस, म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या रांगेतलं घर. मागे काळ्या दगडाची गल्ली. गटारं नव्हती तेव्हा मैला उचलणारे त्या गल्लीतून येत, असं शेजारच्या इटालियन आजींनी सांगितलं. हिवाळ्यात घरात स्वेटर, टोपी, दोन मोजे. पण आजी टोमॅटो द्यायच्या, मी पुरणपोळी. त्यांना ती लिंबू पिळून आवडायची.

नवीन_आलेली
सातवा अर्ज नाकारला आज. पाचवा महिना चालू आहे, माहेर लांब. हे वाचून जरा बरं वाटलं.

ब्रन्सविकची_मधुरा
अगं, तुझ्या आधीच्या घरमालकांकडून पत्र माग, घर भारतातलं असलं तरी. फोन नंबर, ईमेल हवाच. पगाराच्या स्लिपा एकत्र करून ठेव आणि इन्स्पेक्शनच्या आधीच अर्ज भरून ठेव, बघून झालं की तिथेच पाठव. निरोप केलाय तुला. या शनिवारी मी येते सोबत.

रिचमंडकर
मेथी मिळते कुठे हो तुमच्याकडे? आम्ही डँडेनाँगहून आणतो, घरी येईपर्यंत मलूल.

अनघा७९
बाळ उठलं. दादा, मेथीदाणे रात्रभर भिजवून कुंडीत टाका, बाल्कनीत येते छान.