केमो-रेडिएशनच्या दिवसांत पेशंटला काय खाऊ घातलंत? अनुभव लिहा

मोगरी: माळा आवरताना बाबांचा कमरेचा पट्टा सापडला. खिळा तापवून पाडलेली जादा भोकं अजून तशीच. तोंडाचा कॅन्सर, रेडिएशनमध्ये गिळणंच बंद झालेलं. आम्ही वजनकाट्याकडे बघत बसायचो, आहारतज्ज्ञ बाईंनी मांडीचा स्नायू चाचपून दाखवला. हा टिकला तर उपचार झेपतील म्हणाल्या. किलोमागे रोज १ ते १.५ ग्रॅम प्रथिनं. बाबा ५० किलोचे, म्हणजे कमीत कमी ५० ग्रॅम. एका अंड्यात जेमतेम ६! शेवटी नाकातून नळी घातली. तुमच्याकडे काय चालायचं?

कोकणी_काकू: आधी ते वरणाचं पाणी बंद करा!! येईल तो पाहुणा वाटीभर तेच पाजणार. डाळ तळाशी राहते हो. घट्ट वरण द्या. नाचणीच्या सत्त्वात दूध पावडर घालायचे मी

पक्या: आईला सगळं लोखंड चाटल्यासारखं लागायचं. स्टीलचा चमचा बदलून प्लॅस्टिकचा दिला, वरून लिंबू. तोंड आलं की मात्र लिंबू नको, आग होते. तेव्हा गार श्रीखंड

सातारकर: साखरेने गाठ वाढते ना? सासूबाईंनी दूधपण सोडलंय

मोगरी: @सातारकर नका सोडू देऊ. साखर सोडून गाठ उपाशी मरत नाही, माणूस मात्र मरतो. पोटात काही गेलं नाही की शरीर स्नायूच मोडायला लागतं. मधुमेह किंवा किडनीचं काही असेल तर डॉक्टरांना विचारा

दूरचा_गाववाला: आम्ही परळला टाटात. उतरलो दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत. शेजारचे बिहारी काका सत्तू घोळून द्यायचे, अण्णा घरचं सोडून तेच मागायचे 😀

निवांत: नुसतं खाऊन भागत नाही, स्नायूंना काम हवं. दादा खुर्चीतून हात न टेकता उठायचे-बसायचे, मॅच असली की दर ओव्हरला

पक्या: आयपीएल संपेपर्यंत पैलवान झाले असतील

निवांत: वहिनीशी भांडण्याइतके झाले

कोकणी_काकू: पक्या श्रीखंड घरचं का विकतचं

पक्या: घरचंच. पांढऱ्या पेशी कमी असताना बाहेरचं काही आणत नव्हतो. दहीही डॉक्टरांना विचारून. चक्का फ्रिजमध्येच टांगायचा

कोकणी_काकू: अगोबाई, मी खिडकीच्या गजाला टांगते. तरीच आंबट होतो मेला