कोतवालाची शाल
'सरकारी नोकरीत चांगल्या कामाची बक्षिसं फक्त कलेक्टर लोकांना' असं कुणीतरी म्हटलंय, ते अर्धंच खरं. २१ एप्रिलच्या नागरी सेवा दिनाचे (१९४७ साली याच तारखेला सरदार पटेल दिल्लीत मेटकाफ हाउसमध्ये नव्या अधिकाऱ्यांशी बोलले होते) पंतप्रधान पुरस्कार घ्यायला बहुतेक जिल्हाधिकारीच जातात, कबूल. पण आपल्याकडे महाराष्ट्रात १ ऑगस्टला, महसूल दिनी, तलाठी, शिपाई, कोतवालांचाही (म्हणजे तलाठ्याच्या हाताखालच्या गावच्या मदतनिसांचाही) सत्कार होतो की. आमच्या गावच्या कोतवालाने प्रशस्तिपत्र लॅमिनेट करून देव्हाऱ्याशेजारी लावलंय. शाल थंडीत त्याची आई पांघरते. माझी तक्रार वेगळीच आहे. निवडीचे निकष आधी कचेरीच्या फळ्यावर लावा ना! नाहीतर 'यंदा कुणाचा नंबर?' एवढीच चर्चा चहाच्या टपरीवर रंगते.