मदत हवी आहे: पक्षाघातानंतर अकराव्या महिन्यात आईच्या उजव्या हातासाठी कन्स्ट्रेंट थेरपी सुरू करावी का?

नमस्कार. माझ्या आईला (वय ५८) पक्षाघाताचा झटका येऊन अकरावा महिना चालू आहे. मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात, खोलवरच्या एका रक्तवाहिनीत गुठळी अडकल्यामुळे तिचा उजवा हात आणि पाय लुळे पडले होते. बोलणे काही आठवड्यांत पूर्ववत झाले, आता ती घरात काठीशिवाय चालते आणि कठड्याला धरून जिना चढते. अडले आहे ते उजव्या हाताचे. टेबलावर ठेवलेल्या हाताचे मनगट ती थोडे वर उचलू शकते, अंगठा आणि शेजारची दोन बोटे अर्धवट उघडतात, पण धरलेली वस्तू सोडायला तिला फार वेळ लागतो. लग्न झाल्यापासून ती ब्लाउज शिवत आली आहे. कातरी, हातशिलाई, हुक-काज या सगळ्याला उजवा हात लागतो, आणि तो परत मिळावा ही इच्छा माझ्यापेक्षा तिचीच अधिक आहे.

सहा महिन्यांच्या तपासणीत आम्हाला सांगण्यात आले की जी सुधारणा व्हायची होती ती झाली, आता आहे ते टिकवावे. हे मला पटलेले नाही, आणि न पटण्याचे कारण केवळ माया नाही. रँडॉल्फ नूडो यांच्या गटाने १९९६ मध्ये माकडांवर केलेल्या प्रयोगात असे दिसले होते की हाताचे नियंत्रण करणाऱ्या मेंदूच्या भागाला छोटी इजा झाल्यावर हात तसाच सोडून दिला, तर इजेच्या शेजारचा धडधाकट भागही हाताचे काम सोडू लागतो. पण त्याच हाताकडून बारीक कामांचा सराव करून घेतला, तर तो भाग टिकतो आणि काही माकडांत तर वाढतोही. म्हणजे मेंदू स्वतःची जुळणी बदलत राहतो हे खरे असले, तरी तो बदल नेहमी रुग्णाच्या बाजूनेच होतो असे नाही. हात वापरात नसेल, तर मेंदू त्याचीही सवय करून घेतो. एडवर्ड टॉब यांनी या न वापरण्याच्या सवयीवरच उपाय शोधला, तीच कन्स्ट्रेंट थेरपी: चांगल्या हातावर जाड मोजा चढवून जागेपणीचा बहुतेक वेळ त्याला कामापासून दूर ठेवायचे आणि दुबळ्या हाताकडून रोज कित्येक तास प्रत्यक्ष कामे करून घ्यायची.

अमेरिकेत या पद्धतीची २२२ रुग्णांवर झालेली ‘एक्साइट’ चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. झटक्यानंतर तीन ते नऊ महिने झालेल्या त्या रुग्णांना दोन आठवडे उपचार दिले गेले आणि हाताच्या वापरातील फरक वर्षभरानंतरही टिकून होता. ज्यांना हाच उपचार सुमारे एक वर्ष उशिरा मिळाला, त्यांच्यातही सुधारणा झाली. लवकर सुरुवात करणाऱ्यांना आधी अधिक फायदा दिसला, पण दोन वर्षांच्या शेवटी दोन्ही गट जवळपास सारखे होते. आई या दोन गटांच्या मधोमध येते, म्हणून मला आशा वाटते.

माझा पेच पुढेच आहे. भारतातील १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर ‘अटेंड’ नावाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. तीत एका गटासाठी कुटुंबीयांना प्रशिक्षण देऊन घरीच व्यायाम करून घेण्याची व्यवस्था होती, दुसऱ्या गटाला नेहमीचेच उपचार होते, आणि सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबित्वाचे प्रमाण दोन्ही गटांत सुमारे ४७ टक्केच राहिले. आम्ही सांगली जिल्ह्यातील एका गावात राहतो, फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा येतात, बाकी सराव मलाच घ्यावा लागणार. तर मी घरी घेतलेला सराव खरोखर उपयोगाचा ठरेल का? ज्यांनी ही पद्धत घरी राबवली आहे त्यांनी मोजा किती तास ठेवला, पडण्याचा धोका कसा टाळला आणि कोणती कामे निवडली, हे कृपया सविस्तर लिहावे. मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत कोणी हातासाठी उपचार घेतले असल्यास तेथील अनुभवही हवा आहे. तेल, काढे आणि मालिश सुचवणाऱ्यांना विनंती की त्यासाठी वेगळा धागा काढावा.

प्रतिसाद

ताई, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. आपण जे वर्णन केले आहे त्यावरून आपल्या आई या पद्धतीला योग्य असण्याची शक्यता बरीच आहे, कारण ‘एक्साइट’मध्ये कमी क्षमतेच्या रुग्णांसाठी अट होती ती मनगट, अंगठा आणि आणखी दोन बोटे प्रत्येकी किमान १० अंश उघडण्याची. हे मोजमाप डोळ्यांनी न करता तुमच्या फिजिओथेरपिस्टकडून कोनमापकाने करून घ्यावे. खांदा दुखत असेल किंवा बोटे फार ताठ असतील, तर आधी त्यावर उपचार व्हावेत.

‘अटेंड’मुळे खचून जाऊ नये. ती चाचणी झटक्यानंतर लगेचच्या काळातील, सर्वसाधारण पुनर्वसनाची होती आणि तिचा मापदंड परावलंबित्व हा होता; एका हाताच्या ठरावीक, भरपूर सरावाचा निकाल त्यातून निघत नाही. तिने एक मात्र दाखवले आहे की घरच्यांना थोडेफार शिकवून सोडून देणे पुरेसे नसते, म्हणून तज्ज्ञाची देखरेख सोडू नये.

घरासाठी स्टीफन पेज यांची सौम्य पद्धत अधिक झेपते. तीत आठवड्यातून तीन दिवस अर्धा-अर्धा तास थेरपी आणि आठवड्यातील पाच दिवस, सर्वाधिक हालचालीच्या पाच तासांत चांगल्या हाताला अटकाव, असे दहा आठवडे चालते. हात झोळीत बांधू नये, मोजाच वापरावा, म्हणजे तोल गेल्यास तो हात पुढे करता येतो. अंघोळ, जिना, गॅस आणि गरम पाणी यांच्या वेळी मोजा काढलाच पाहिजे. काय करायचे आणि काय नाही, हे आईंशी बोलून कागदावर लिहून काढावे, कारण हा उपचार रुग्णाच्या संमतीशिवाय टिकत नाही.

रबरी चेंडू दाबत राहण्याचा सल्ला तुम्हाला अनेकांनी दिला असेल. ज्याची मूठ वळते पण उघडत नाही, त्याला मूठ वळण्याचा आणखी सराव देऊन फारसे काही साधत नाही. त्याऐवजी मोठी बटणे उचलून डब्यात सोडणे, कापडाची घडी उलगडणे, खडूने सरळ रेघ मारणे अशी सोडण्याची आणि उघडण्याची कामे द्यावीत, आणि जमू लागले की बटणे लहान करत जावीत. सुई इतक्यात हातात देऊ नये.

धागाकर्तीचा प्रतिसाद

मनापासून आभार. परवा फिजिओथेरपिस्ट येतील तेव्हा कोन मोजून घेते. खांदा रात्री कुशीवर झोपल्यावर दुखतो, हे मूळ प्रश्नात लिहायचे राहिले होते, तेव्हा त्याचा उलगडा होईपर्यंत मोजा थांबवावा की बसल्या जागी बोटांचा सराव चालू ठेवता येईल, एवढे सांगावे. दुसरे असे की आईला शिलाई मशीनचे चाक उजव्या हाताने फिरवायचे आहे. त्यात मूठ वळण्याचेच काम अधिक आहे, पण तिचे मन त्यातच रमते. सरावाच्या वेळापत्रकात त्याला जागा द्यावी का?