शब्द वगळून हँक विल्यम्स वाजवता येतो का?

मंद्रसप्तक : परवा एका सदस्याने येथे लिहिले की हँक विल्यम्स या अमेरिकन कंट्री गायकाचे ‘आय अॅम सो लोनसम आय कुड क्राय’ हे गाणे गिटारवर बसवणे अगदी सोपे आहे, चार कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) आणि ट्रॅव्हिस पिकिंग (अंगठ्याने खालच्या स्वरांचा बेस आणि बोटांनी चाल वाजवण्याची पद्धत) आले, टॅब (कोणती तार कोठे दाबायची ते दाखवणारे लेखन) पाठ झाला, की काम संपले आणि शब्दांशी वादकाला काही कर्तव्य नाही. हे वाचून गप्प बसवेना. १९४९ सालच्या त्या ध्वनिमुद्रणात चार कडवी आहेत, ध्रुवपद नाही आणि चारही कडव्यांची चाल एकच आहे. गायकाला ते परवडते, कारण पहिल्याच कडव्यात पक्षी येतो, मध्यरात्रीची आगगाडी येते आणि पुढे प्रत्येक कडव्यात चित्र बदलत जाते. ज्याला शब्द पाठ नाहीत तो वादक तीच चाल चारदा वाजवील आणि ऐकणारा दुसऱ्या आवर्तनालाच कंटाळेल. दुसरे असे की हे गाणे तीन मात्रांचे आहे. एकाआड एक बेस वाजवणारा ट्रॅव्हिसचा अंगठा चार मात्रांत बसतो. येथे पहिल्या मात्रेवर बेस आणि उरलेल्या दोन मात्रांवर वरच्या तारा, अशी मांडणीच बदलावी लागते.

अंगठेबहाद्दर : ते लिहिणारा सदस्य मीच. तीन मात्रांचा मुद्दा बरोबर आहे, तेवढा मी मान्य करतो. बाकीचे उपदेश मात्र ज्यांचा हात आधीच बसलेला आहे त्यांना शोभतात. अंगठा डळमळत असताना भावाची चर्चा करून काय साधणार? बी सेव्हन या कॉर्डच्या नेहमीच्या पकडीत करंगळी पहिल्या तारेवर अडकलेली असते. चालीचा स्वर घ्यायला ती मोकळी करायची आणि त्याच वेळी बेससाठी मधले बोट पाचव्या तारेवरून सहाव्या तारेवर न्यायचे, हे नवशिक्याला कोणत्या कवितेने शिकवणार आहात? नामवंत गिटारवादक चेट अॅटकिन्सनेसुद्धा, ज्याच्या नावाने हे पिकिंग ओळखले जाते त्या मर्ल ट्रॅव्हिसचे तंत्रच आधी उचलले होते.

मंद्रसप्तक : तुमचे उदाहरण तुमच्याच विरोधात जाते. अॅटकिन्सने ट्रॅव्हिसला रेडिओवर ऐकले. ट्रॅव्हिस अंगठा आणि तर्जनी एवढ्यावरच वाजवतो हे दिसत नसल्याने त्याने जास्त बोटे वापरली आणि त्यातूनच त्याची स्वतःची शैली तयार झाली. टॅब हातात असता तर केवळ नक्कल झाली असती.

पंचगंगेकाठचा : दोघेही मूळ गोष्ट विसरत आहात. त्या ध्वनिमुद्रणात जेरी बर्डची स्टील गिटार (तारांवर सळई सरकवून वाजवायची) आहे आणि गाण्यातला एकटेपणा निम्मा तिथून येतो. साध्या गिटारवर ओळीच्या शेवटचा लांब स्वर छेडल्याबरोबर विरू लागतो. आमचे काका कोल्हापूरच्या एका वाद्यवृंदात त्याच जातीची हवायन गिटार वाजवत. मुखडा तोंडाने म्हणून दाखवल्याशिवाय ते कोणालाही तारेवर सळई ठेवू देत नसत. आज क्लासवाल्यांना हे वाद्य आठवतही नाही. व्हॅन शिप्लेंच्या तबकड्या ऐकत एक पिढी वाढली, ब्रिजभूषण काबरा यांनी याच वाद्यावर राग मांडले आणि तरीही गिटार म्हटले की सर्वांना कॉर्डच सुचतात.

अंगठेबहाद्दर : विषय साध्या गिटारचा आहे. प्रत्येक धाग्यावर हवायन गिटारची कैफियत आणणे आता थांबवावे.

पंचगंगेकाठचा : कैफियत नव्हे. अमेरिकेतील स्टील गिटार आणि आपली हवायन गिटार या दोन्हींचे मूळ हवाई बेटांतच आहे. ज्या मींडेवर, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकण्यावर, हे गाणे उभे आहे ती या वाद्याने दिलेली आहे आणि तुम्ही तिलाच विषयाबाहेर काढता, याचा मला मनापासून राग येतो.

मंद्रसप्तक : काकांच्या शिस्तीपुढे मी मान तुकवतो, माझे म्हणणेही तेच आहे. परंतु साध्या गिटारवर हे गाणे होतच नाही, हे मला मान्य नाही. बिल फ्रिझेल या अमेरिकन गिटारवादकाने २००० सालच्या ‘घोस्ट टाउन’ या अल्बममध्ये ते शब्दांविना वाजवले आहे. विरणारा स्वर भरून काढण्याची धडपड न करता तो स्वरांमध्ये मोकळी जागा सोडतो. आपले विद्यार्थी नेमकी तीच जागा शोभेच्या स्वरांनी बुजवून टाकतात.

पंचगंगेकाठचा : फ्रिझेल ऐकला आहे. चांगला आहे, तरीही मींडेची भूक भागत नाही.

अंगठेबहाद्दर : फ्रिझेलसारखी जागा सोडायलासुद्धा आतला ठेका पक्का लागतो, तेव्हा अंगठा आधी, या मतावर मी ठाम आहे. एवढे मात्र करून पाहीन की अंगठा चालू ठेवून कडवे तोंडाने म्हणायचे आणि ते न अडखळता जमेपर्यंत चाल वरच्या तारांवर घ्यायची नाही. ई सेव्हनवरून तिसऱ्या ओळीच्या ए कॉर्डवर जाताना माझे विद्यार्थी नेहमी घाई करतात. गायल्याने ती घाई थांबली तर येथे येऊन सांगेन; नाही थांबली तर तेही सांगेन.

मंद्रसप्तक : अवश्य सांगा. मात्र चारही कडवी म्हणवून घ्या, केवळ पहिले नको.