थायरॉईडची गाठ, एफएनएसीत 'बेथेस्डा ३': ऑपरेशन की पुन्हा सुई?

नमस्कार मंडळी,
प्रश्न आईचा आहे, वय ५८. महिन्याभरापूर्वी माझ्यासमोर बसून चहा पीत होती. प्रत्येक घोटाला गळ्यात उजवीकडे सुपारीएवढं काहीतरी वर सरकायचं, परत खाली यायचं. तिला पत्ताच नाही!

सोनोग्राफीत १.८ सेंमीची गाठ, टायरॅड्स ४ (म्हणजे दिसायला थोडी संशयास्पद). म्हणून एफएनएसी केली (बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासतात ती), तर बेथेस्डा ३ (त्या पेशींच्या रिपोर्टची १ ते ६ अशी श्रेणी असते). टीएसएच (थायरॉईडच्या कामाची रक्ततपासणी) मात्र २.१, म्हणजे नॉर्मल. दरवर्षी तोच आकडा बघून आम्ही 'थायरॉईड ठीक आहे' म्हणत निवांत राहिलो. ग्रंथी काम नीट करतेय एवढंच त्यातून कळतं, गाठ कसली ते नाही, हे आत्ता समजलं.

सर्जन म्हणतात, अर्धी ग्रंथी काढू. एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोन्सचे डॉक्टर) म्हणतात, तीन महिन्यांनी पुन्हा सुई. आई म्हणते, "दुखत नाही तर कशाला टोचून घ्यायचं?" (मामांनी कोबी बंद करायला सांगितलाय, ते असो.)

कॅन्सर आहे की नाही हेच माहीत नसताना ग्रंथी का काढायची? जन्मभर गोळी लागेल का? आई भजनी मंडळात गाते, आवाजाचं काय?

---

प्रतिसाद १:
ताई, ३ म्हणजे पेशी जरा वेगळ्या दिसतात, पण ठाम सांगता येत नाही. कॅन्सर नक्की असला तर ६ लिहितात. सगळ्यात जास्त आढळणारा पॅपिलरी प्रकारचा कॅन्सर सुईत बहुतेक वेळा सापडतो. फॉलिक्युलर या दुसऱ्या प्रकाराचं तसं नाही. पेशी गाठीचं आवरण फोडून बाहेर पडल्यात का, यावर तो ठरतो, आणि ते बघायला अख्खी गाठच हातात यावी लागते. माझं ४ होतं, म्हणून अर्धी काढली. निघाली साधीच.

पण ३ ला पुन्हा सुई हाही रीतसर मार्ग आहे. घाईने तारीख घेऊ नका. आधी लॅबमधून स्लाइड्स मागून घ्या आणि थायरॉईडचं काम नेहमी बघणाऱ्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. अर्धी उरली तर गोळी सगळ्यांनाच लागत नाही, मला नाही लागली. आवाजाची नस ग्रंथीच्या मागूनच जाते, तेव्हा आई गातात हे सर्जनना आधीच सांगा. माझा वरचा सूर दोन महिने लागत नव्हता, मग आला.

---

धागाकर्ती:
खूप आभार. स्लाइड्स उद्याच मागते. आई विचारतेय, काळी चारमध्ये गाते हेही सर्जनना सांगायचं का?