एक्सोसोमने नव्या केशवाहिन्या उगवतात, पण पाय वाचतो का?

मूळ मत
वडिलांच्या पायाच्या अंगठ्याचं ड्रेसिंग मी रोज करायचो. काळा पडलेला भाग नखापासून सांध्यापर्यंत सरकताना डोळ्यांनी पाहिलाय. म्हणून सांगतो, रक्तपुरवठा तुटलेल्या ठिकाणी स्टेम पेशी (इतर पेशी घडवू शकणाऱ्या मूळ पेशी) टोचण्यापेक्षा त्यांचे एक्सोसोम शिरेतून द्यावेत. टोचलेल्या पेशी बहुतेक काही दिवसांतच मरतात, तरी गुण येतो. तो त्यांनी सोडलेल्या स्रावाचा. एक्सोसोम म्हणजे त्यातल्या 30 ते 150 नॅनोमीटरच्या पुड्या. त्यातला मायक्रोआरएनए-126, म्हणजे प्रथिनं बनणं रोखणारा आरएनएचा छोटा तुकडा, रक्तवाहिनीच्या अस्तरातलं स्प्रेड-1 हे प्रथिन दाबतो, की व्हीईजीएफ या रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या प्रथिनाच्या ‘वाढ’ या निरोपावरचा लगाम सुटतो. 2010 मध्ये उंदरांच्या हृदयात अशा पुड्यांनी झटक्यानंतरचं नुकसान कमी झालेलं दिसलं.

प्रतिसाद 1
वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण मत पटत नाही. मांडीतली धमनी बंद असेल तर पावलात केशवाहिन्यांचं जाळं वाढवून त्यात रक्त कुठून येणार? शिवाय घाईने उगवलेल्या वाहिन्या गळक्या असतात, त्यांना बाहेरून वेढणाऱ्या पेरिसाइट पेशींचा आधार मिळेपर्यंत टिकत नाहीत. प्रयोगातला उंदीर बहुधा तरुण, निरोगी. धमनी एका क्षणात बांधलेली. रक्तप्रवाह दाखवणाऱ्या लेझर डॉप्लरच्या चित्रात निळा पाय हळूहळू लाल होतो, पण काही जातींत तो उपचाराविनाही बराचसा होतो! माणसाची धमनी वर्षानुवर्षं तुंबते, जोडीला मधुमेह. रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या एफजीएफ-1 या घटकाचं जनुक देऊन पाहणाऱ्या टॅमारिस चाचणीत पाचशेवर रुग्ण होते. 2011 चा निकाल: पाय कापणं किंवा मृत्यू, काहीच कमी झालं नाही.

मूळ मत मांडणारा
तो एकच घटक होता. इथे एका पुडीत अनेक निरोप असतात, पेरिसाइटला बोलावणारेही.

प्रतिसाद 1
तीच तर अडचण. पेशी कशा वाढवल्या, ऑक्सिजन किती दिला, यावर आतला माल बदलतो. मग डोस कसा मोजायचा, कणांवर की प्रथिनांवर? शिरेतून दिलं तर बरंचसं यकृत-प्लीहेत अडकतं. डिसेंबर 2019 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने अशा उत्पादनांबद्दल जाहीर इशारा दिला, रुग्णांना गंभीर त्रास झाल्यावर.

प्रतिसाद 2
धमनी बायपास किंवा स्टेंटने उघडायची आणि एक्सोसोम हायड्रोजेलमधून (पाणी धरून ठेवणारा मऊ जेल) थेट जखमेच्या कडेला द्यायचे, असं का नाही?

मूळ मत मांडणारा
हे मान्य. शिरेतून देण्याचा आग्रह सोडतो. पण बायपासलायक धमनीच उरलेली नसते, त्या रुग्णांचं काय? वडील त्यातलेच होते.

प्रतिसाद 1
त्यांच्यासाठीच चाचणी हवी. आणि ती आधी म्हाताऱ्या, मधुमेही प्राण्यांवर.