‘कोलाज’ला मराठीत काय म्हणायचं? : चिकटवणं, डकवणं, मढवणं

कपटेगोळा : आर्टिस्ट ट्रेडिंग कार्ड म्हणजे अडीच बाय साडेतीन इंचाचं कार्ड. त्यावर कागद, कापड, दोरा, जुनी तिकिटं लावून, मधूनमधून रंग देऊन चित्र करायचं. ते विकायचं नाही, दुसऱ्याने केलेल्या कार्डाशी बदलायचं. झुरिकमध्ये १९९७ साली स्टिर्नेमान या स्विस कलाकाराने हा प्रकार सुरू केला. कार्डाच्या मागे नाव, तारीख आणि चित्राचं शीर्षक लिहायचं, मालिका असेल तर क्रमांकही. या सगळ्याची कृती मराठीत लिहायची आहे आणि तीन शब्दांवर गाडी अडलीय : कोलाज, मिक्स्ड मीडिया, स्वॅप.

शब्दखुंटी : कलेवरच्या मराठी लेखनात कोलाजसाठी ‘चिक्कणितचित्र’ भेटतो. उच्चारताना जीभच चिकटते. शिवाय संस्कृतात ‘चिक्कण’ म्हणजे आधी गुळगुळीत, तुळतुळीत, चिकटपणा नंतरचा. मूळ फ्रेंच शब्द ‘कोले’, म्हणजे डकवणे, या साध्या क्रियापदावरून आलाय आणि त्यामागे ग्रीक ‘कोल्ला’, म्हणजे सरस. कातडं-हाडं उकळून सरस काढतात तो ज्या प्रथिनापासून, त्याचं नाव कोलॅजेन, तेही याच मुळाचं. प्रोटोकॉलसुद्धा! पपायरसच्या गुंडाळीला चिकटवलेलं पहिलं पान म्हणजे प्रोटोकॉल. मुळात इतका कामाचा, हाताला लागणारा शब्द असताना मराठीत त्याला सोवळं कशाला नेसवायचं?

बांधणीकार : सहमत. नाम शोधण्याऐवजी क्रियापद धरा. मराठीत वेगवेगळ्या लावण्याला वेगवेगळी क्रियापदं आहेत आणि कृतीत नेमकं तेच हवं असतं.

*चिकटवणे* सगळ्यालाच चालतं, म्हणून फारसं काही सांगत नाही. *डकवणे* म्हणजे एखादा तुकडा एका जागी लावणे. भिंतीवर कागद डकवतात. *मढवणे* म्हणजे अख्खा पृष्ठभाग झाकणे. पुठ्ठा कापडाने मढवतात, मृदंग चामड्याने. म्हणजे कोलाज डकवायचं. डब्यावर किंवा ट्रेवर कागदी फुलं लावून वर वॉर्निश मारतात ते डेकूपाज, ते मढवायचं. हा फरक फ्रेंच नावात नाही (डेकूपे म्हणजे नुसतं कातरणे), मराठी क्रियापदात आहे.

आता ज्याने डकवायचं त्याबद्दल, कारण कृतींमध्ये ‘गोंद लावा’ एवढंच लिहिलेलं असतं आणि घोळ तिथेच होतो.

*डिंक* झाडाचा. वाळला की काचेसारखा कडक होतो. पाकिटाच्या पट्टीला ठीक, पण कार्ड जरा वाकलं की त्याला तडा जातो.

*सरस* जनावराचा. गरम करून लावावा लागतो. सुतारकामाला उत्तम, या कामाला नको.

*खळ* पिठाची. दोन चमचे मैदा आधी थोड्या थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवा, मग एकूण पाणी एक वाटी करा आणि मंद आचेवर चार-पाच मिनिटं सतत ढवळा. पांढुरकी खळ किंचित पारदर्शक झाली की उतरवा. गरम पाण्यात पीठ टाकलं तर गुठळ्या होणारच. खळीचा मोठा गुण म्हणजे ओल दिली की कागद पुन्हा सुटतो, चूक दुरुस्त होते. अवगुण असा की दोन-तीन दिवसांत ती आंबते आणि पावसाळ्यात वाळलेल्या कामालाही बुरशी आणि कसर लागते. पूर्वी बांधणीच्या खळीत मोरचूद घालत. हातोहात फिरणाऱ्या कार्डात घालू नये, ते विष आहे.

*फेविकॉल* जातीचा पांढरा गोंद : तीन भाग गोंद, एक भाग पाणी. वाळल्यावर कागद न फाटता सुटत नाही, पण लवचीक राहतो. छोट्या कार्डाला हाच बरा.

पोतदार : गोंदाइतकाच घोळ ‘कार्ड वाकतं’ या तक्रारीत आहे. ओला कागद फुगतो, वाळताना आकसतो आणि कार्डाला आपल्याकडे ओढतो. त्यामुळे कार्ड चित्राच्या बाजूला वाटीसारखं वळतं. नुसतं वजन ठेवून हे पुरतं जात नाही. मागे तेवढ्याच जाडीचा कागद त्याच गोंदाने लावायचा. याला मराठीत छान शब्द आहे : *अस्तर*. नाव-तारीख त्या अस्तरावर येते. मग दोन्हीकडे बटर पेपर ठेवून दोन-तीन किलो वजनाखाली बारा तास.

खळ वापरत असाल तर कागदाला लावून मिनिटभर थांबा. त्याला जे फुगायचं ते हातात फुगू दे. लगेच लावलात तर तो कार्डावर फुगतो आणि बुडबुडे येतात. मग वर कोरा कागद ठेवून चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे *घोटायचं*. दाबणं वेगळं, घोटणं वेगळं. उघड्या ओल्या कागदावर चमचा फिरवला तर छापील थर सोलून निघतो.

कपटेगोळा : अस्तर आणि घोटणे, दोन्ही घेतले. तुकड्यांना काय म्हणू? कात्रण म्हटलं की वर्तमानपत्र डोळ्यांसमोर येतं.

शब्दखुंटी : तुमच्याच नावात आहे की. *कपटा* म्हणजे कागदाचा बारका तुकडा, फाडलेला वा कापलेला. *कात्रण* म्हणजे मजकूर राखून कापलेलं. *चिटोरं* म्हणजे ज्यावर काहीतरी खरडलंय. *चिंधी* कापडाची. कडांचंही वेगळं सांगा : कातरीव कड आणि फाडीव कड.

पोतदार : फाडीव कडेत गंमत आहे. रंगीत छापील कागद फाडला की एका तुकड्याला पांढरी किनार येते. ओढायची दिशा बदलली की ती दुसऱ्या तुकड्याला जाते. आधी एका कपट्यावर बघून घ्या. हातकागद असेल तर ओल्या ब्रशने रेघ मारून, ती मुरल्यावर दोन्हीकडे हळूच ओढा. तंतू मिशांसारखे बाहेर येतात.

वर्तमानपत्र वापरताना मागचा मजकूर गोंदाने ओला झाला की पुढे दिसतो, त्यामुळे खाली पांढरा रंग किंवा कागद हवा. आणि ते पिवळं पडणारच, लाकडाच्या लगद्यातल्या लिग्निनमुळे. पतंगाच्या कागदाचा रंग सुटतो. इंकजेटची छपाईही पसरते. लेझरची प्रत घ्या.

टाकेवाली : ‘मिक्स्ड मीडिया’ला *मिश्रमाध्यम* रुळलेला आहे, तोच ठेवा. नवीन वाटतो, पण रीत जुनी आहे. रविवर्मा प्रेसच्या छापील देवदेवतांच्या साड्यांवर खरं कापड, जर, टिकल्या लावून तसबीर करायची पद्धत होती. तो छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. लक्ष्मीची तसबीर मढवणाऱ्या बाईने ‘मिश्रमाध्यम’ म्हटलं नसतं, ‘सजवली’ म्हटलं असतं.

दोऱ्याच्या कामात *टाचणे* आणि *शिवणे* यांची गल्लत नको. कार्डावर शिवायचं तर आधी दाभणाने भोकं पाडा, दोन भोकांत निदान ३ मिमी अंतर. त्याहून जवळ घेतली की कार्ड पोस्टाच्या तिकिटासारखं त्या ओळीवर फाटतं. गाठ मागे, अस्तर त्यानंतर. बटण-मणी धरून एकूण जाडी ३ मिमीच्या आत ठेवा, नाहीतर कार्डं जपून ठेवायच्या नऊ कप्प्यांच्या प्लास्टिक पानात कार्ड जात नाही.

कपटेगोळा : राहिला स्वॅप. ‘साटंलोटं’ कसं वाटतं? कानाला गोड आहे.

टाकेवाली : कानाला आहे, अर्थाला नाही. साटंलोटं म्हणजे एका घरात मुलगी देऊन त्याच घरची करून आणणे. आणि आता त्याचा अर्थ संगनमत. पत्रकात ‘चला साटंलोटं करूया’ छापाल तर लोक कार्डं नाही, पोलीस घेऊन येतील.

बांधणीकार : *अदलाबदल*. ‘विनिमय’ बँकेतला, ‘फेरबदल’ मंत्रिमंडळातला. आणि एकतर्फी घेणाऱ्याला शब्दातच आठवण राहते की ‘अदला’ आधी आहे.

कार्डाला मात्र *पत्ता* म्हणा. ६४ बाय ८९ मिमी हे पोकरच्या पत्त्याचंच माप. जुन्या कॅटमधले पत्ते सरळ आधार म्हणून चालतात, फक्त वरचा प्लास्टिकचा झिलईदार थर २२० नंबरच्या पॉलिशपेपरने घासून काढा, नाहीतर गोंद आठवड्यात सालीसारखा निघतो. ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) ए-फोर कागद आडव्या बाजूत तीन, उभ्या बाजूत तीन असा कापला तर नऊ पत्ते निघतात. आडवे लावलेत तर आठच.

शब्दखुंटी : सावंतवाडीच्या गंजिफांत, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांत, प्रत्येकाला *पान* म्हणतात. तोही विचारात घ्या.

बांधणीकार : पान म्हटलं की लोक वही समजतील. शिवाय पत्त्याला पत्ता लागतोच, पाठवायला. पाठवताना तो दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून कडेने कागदी पट्टी लावा. सेलोटेप थेट पत्त्यावर नको.

कपटेगोळा : मग असं लिहितो : ‘मिश्रमाध्यमातले पत्ते : कपटे डकवा, घोटा, अस्तर लावा, अदलाबदल करा.’ कोलाज शब्द एकदा कंसात.

शब्दखुंटी : कंस काढा. कोलाज सगळ्यांना कळतो.